कालवांच्या अळ्यांमधील व्हिब्रिओचा रोग: ओळखावा कसा, त्याची वाट शोधावी कशी आणि रोखावा कसा

कालवांच्या हॅचरीत, म्हणजे त्यांचे बीज (लहान पिले) तयार करण्याच्या केंद्रात, एका रात्रीत संपूर्ण उत्पादन बुडवणारा जो रोग आहे, त्याची पूर्वसूचना फार थोडा वेळ आधी मिळते. संध्याकाळी टाकीच्या वरच्या थरात व्यवस्थित पोहणाऱ्या अळ्या सकाळी तळाशी बसलेल्या आढळतात आणि दुपारपर्यंत त्या टाकीत वाचवण्यासारखे काही उरलेले नसते. याला बहुतेक वेळा व्हिब्रिओ गटातील सागरी जीवाणू कारणीभूत असतात. हे जीवाणू कोणत्याही समुद्राच्या पाण्यात थोड्याफार प्रमाणात असतातच, त्यामुळे त्यांना हॅचरीच्या दाराबाहेर पूर्णपणे रोखून धरणे शक्य नसते. अळ्यांच्या अवतीभवती त्यांची संख्या वाढू न देणे आणि ती वाढलीच तर कोणत्या वाटेने वाढली हे लवकर शोधून काढणे, एवढेच आपल्या हाती आहे. ते नीट केले तर पुरेसे असते.

पुढील मजकूर लहान हॅचरीत प्रत्यक्ष टाक्या सांभाळणाऱ्यांसाठी आणि मत्स्यविज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिला आहे. यातील बराचसा तपशील पॅसिफिक कालव आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील कालव यांच्याबाबतचा आहे, कारण या रोगाचा सर्वांत जुना व सविस्तर अभ्यास त्यांच्यावरच झालेला आहे. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस तुतिकोरिन येथे खाद्य कालवांच्या बीजनिर्मितीचे तंत्र बसवले. सिंधुदुर्गातील खाड्यांत कालवांची आणि शिनाण्यांची शेती करणाऱ्यांपुढे बीज कोठून आणायचे हा प्रश्न आहेच, आणि त्याचे उत्तर पुढेमागे हॅचरीतच शोधावे लागणार आहे. आपल्या किनाऱ्यावरचे पाणी बहुतांश वर्षभर २८ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. व्हिब्रिओ जोमाने वाढतात ते याच तापमानात, म्हणून थंड प्रदेशातील हॅचरीत पाळली जाणारी पथ्ये आपल्याकडे अधिक काटेकोरपणे पाळावी लागतील.

रोग होतो म्हणजे नेमके काय होते

पॅसिफिक कालवाचे अंडे साधारण ५० ते ६० मायक्रॉनचे असते. फलनानंतर सुमारे एका दिवसात त्यातून इंग्रजी ‘डी’ अक्षरासारख्या सरळ बिजागरीच्या कवचाची, जेमतेम ७० मायक्रॉन लांबीची अळी तयार होते. ती दोन ते तीन आठवडे पोहत राहते, सुमारे ३०० मायक्रॉनची झाल्यावर तिला डोळ्यासारखा काळा ठिपका आणि पाय येतो आणि मग ती एखाद्या कठीण पृष्ठभागाला कायमची चिकटते. या सर्व काळात तिचे पोहणे आणि खाणे एकाच अवयवावर अवलंबून असते. कवचाबाहेर काढता येणारा, सूक्ष्म केसांची किनार असलेला हा पडदा म्हणजे व्हेलम. त्याचे केस पाणी ढवळतात, त्यामुळे अळी वर राहते आणि त्याच प्रवाहातून शैवालाच्या पेशी तिच्या तोंडाकडे ओढल्या जातात. त्याच प्रवाहाबरोबर जीवाणूही आत येतात. रोगाची पहिली झळ व्हेलमलाच लागते आणि अळी एकाच वेळी पोहायची व खायची थांबते, हे लक्षात ठेवले तर पुढची सगळी लक्षणे आपोआप उलगडतात.

अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील मिलफर्ड येथील प्रयोगशाळेत ट्युबिआश, चॅन्ली आणि लाइफसन यांनी १९६५ मध्ये या रोगाचे पहिले पद्धतशीर वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला ‘बॅसिलरी नेक्रोसिस’ असे नाव दिले. अळ्यांच्या पाण्यात जीवाणू मिसळल्यानंतर चार-पाच तासांतच त्यांची हालचाल मंदावली, आठ तासांच्या सुमारास मरतूक सुरू झाली आणि सुमारे अठरा तासांत जवळजवळ सर्व अळ्या मेल्या. सकाळ-संध्याकाळ अशा दोनच फेऱ्यांत टाक्या पाहणाऱ्या हॅचरीत हा सगळा क्रम दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात उरकू शकतो. म्हणून रोगाची शंका असलेल्या काळात रात्री किमान एकदा नमुना पाहण्याची व्यवस्था करावी.

जीवाणूंच्या प्रवेशाच्या वाटा एकाहून अधिक आहेत. काही वेळा ते कवचाच्या कडेला चिकटतात, तेथून प्रावारात (कवचाला आतून लागून असलेल्या मऊ पडद्यात) शिरतात आणि कवचाच्या आतल्या बाजूने पसरत जातात. काही वेळा आधी व्हेलमच्या पेशी सुटून येतात. काही वेळा अन्नमार्गातून शिरकाव होतो आणि पचनग्रंथी झिजून तिचा रंग उडतो. जीवाणू स्वतः ऊतीत शिरण्यापूर्वीच त्यांनी पाण्यात सोडलेले पदार्थ आपले काम करू लागतात. पॅसिफिक कालवाच्या अळ्यांवरील प्रयोगांत असे दिसले आहे की, जीवाणू ज्यात वाढवले ते द्रव माध्यम, जीवाणू गाळून काढल्यावरही, अळ्या मारू शकते आणि त्यातील प्रथिने तोडणारे, जस्तावर चालणारे एक विकर या विषारीपणात मोठा वाटा उचलते. याचा व्यवहारातील अर्थ असा की, रोग सुरू झाल्यावर टाकीतील पाण्यावर अतिनील किरण सोडून जीवाणू मारले, तरी आधी सुटलेले विकर पाण्यातच राहते. अशा वेळी पाणी बदलण्याला पर्याय नाही.

पॅसिफिक किनाऱ्यावरील साथींमागचा मुख्य जीवाणू बराच काळ व्हिब्रिओ ट्युबिआशी म्हणून ओळखला जात होता. पुढे जनुकीय तपासणीत त्यातील महत्त्वाचे वाण व्हिब्रिओ कोरॅलिइलिटिकस या जातीचे असल्याचे स्पष्ट झाले. ही जात मुळात प्रवाळांवरील रोगजंतू म्हणून वर्णिली गेली होती. प्रवाळावरील प्रयोगांत २७ ते २९ अंशांना ती ऊती विरघळवते आणि २२ अंशांखाली लक्षणे दिसत नाहीत, असे आढळले आहे. कालवांच्या अळ्यांना हेच तापमान जसेच्या तसे लागू करू नये, परंतु ऊब वाढली की या जीवाणूचा उपद्रव वाढतो ही दिशा हॅचरीसाठीही खरी आहे.

संख्येचा हिशेबही एकदा करून पाहावा. भरपूर अन्न मिळाले आणि जीवाणू दर अर्ध्या तासाला दुप्पट झाले, तर दहा तासांत वीस दुप्पटी होतात, म्हणजे मूळ संख्या सुमारे दहा लाख पट होते. रात्री आठ वाजता मिलिलिटरमागे दहा जीवाणू असलेले पाणी सकाळी सहाला एक कोटीचा आकडा गाठू शकते. प्रयोगांत, वाणानुसार कमीअधिक, मिलिलिटरमागे दहा हजार ते एक लाख जीवाणू मोठ्या मरतुकीला पुरतात. प्रत्यक्ष टाकीत वाढ इतकी वेगवान क्वचितच होते, कारण तेवढे अन्न पाण्यात नसते. मात्र मेलेल्या अळ्या, न खाल्लेले शैवाल आणि उरलेले शुक्राणू ते अन्न पुरवू लागले की हिशेब खरा ठरायला वेळ लागत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली काय पाहावे

शंका आली की पहिले काम म्हणजे हवा बंद करून टाकी पाच-दहा मिनिटे स्थिर ठेवणे. निरोगी अळ्या वरच्या थरात राहतात, कधी कधी त्यांचे धाग्यांसारखे पट्टे पाण्यात दिसतात. आजारी अळ्या तळाकडे जातात. त्यानंतर वरच्या थरातून एक आणि तळावरून एक असे दोन स्वतंत्र नमुने घ्यावेत. एकच मिसळलेला नमुना घेतला तर रोगाची सुरुवात हमखास निसटते, कारण तळाशी सरलेल्या थोड्या अळ्या वरच्या निरोगी अळ्यांच्या गर्दीत दिसत नाहीत.

काचपट्टीवर नमुना घेऊन आधी शंभर पट वर्धनाखाली पाहावे. पोहणारी अळी व्हेलम पूर्ण पसरून सरळ रेषेत किंवा मोठ्या वळणाने जाते. आजाराची सुरुवात झालेली अळी एकाच जागी गरगर फिरते, किंवा कवच अर्धवट उघडे ठेवून व्हेलम बाहेर लोंबता सोडते आणि धक्का लागला तरी तो आत ओढून घेत नाही. निरोगी अळीच्या पोटात शैवालामुळे सोनेरी-तपकिरी रंग दिसतो. आजारी अळीचे पोट फिकट आणि रिकामे असते. पाण्यात सुटे, अजूनही केस हलवत असलेले व्हेलमचे तुकडे दिसले तर रोग बराच पुढे गेला आहे असे समजावे.

मग चारशे पट वर्धनावर एकाच अळीवर थांबावे आणि तिच्या कवचाची कडा शांतपणे पाहावी. जिवाणूजन्य रोगात कवचाच्या फटीपाशी अत्यंत बारीक, वाकड्या काड्यांसारखे जीव थव्याने हलताना दिसतात, जणू कडेभोवतीचे पाणीच थरथरत आहे. मेलेल्या अळीभोवती असे दृश्य दिसणे स्वाभाविक आहे, कारण मृत ऊतीवर जीवाणू जमतातच. निदानाला किंमत येते ती व्हेलम अजून हलत असलेल्या, म्हणजे जिवंत अळीच्या कडेला असा थवा दिसला तर. हा फरक नवशिक्याला शिकवायला वेळ द्यावा लागतो, आणि तो द्यावाच.

तळाच्या नमुन्यात पुष्कळदा कवचांच्या आत शिरून वेगाने फिरणारे सिलिएट नावाचे एकपेशीय जीव दिसतात. ते आकाराने मोठे असल्याने डोळ्यांत भरतात आणि दोष त्यांच्यावर येतो. बहुतेक वेळा ते मेलेल्या अळ्या खायला आलेले असतात. त्यांच्यावर उपाय करत बसल्यास मूळ कारणाकडे दुर्लक्ष होते.

कोळंबीच्या हॅचरीतून आलेल्या तंत्रज्ञांसाठी येथे एक सूचना आवश्यक आहे. कोळंबीच्या अळ्यांमध्ये व्हिब्रिओ हार्वेयीचा प्रादुर्भाव झाल्यास अंधारात टाकी चमकते, आणि आपल्या पूर्व किनाऱ्यावरील हॅचरीत रात्री दिवे बंद करून पाहण्याची सवय अनेकांना असते. कालवांच्या अळ्या मारणारे वर उल्लेखलेले जीवाणू असे चमकत नाहीत. टाकी अंधारात काळीच राहिली म्हणून निश्चिंत होऊ नये.

दोष जीवाणूंचा की पाण्याचा

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील नेटार्ट्स उपसागरावर व्हिस्की क्रीक ही कालवांच्या बीजाची मोठी हॅचरी आहे. २००७ च्या सुमारास तेथे आणि त्या किनाऱ्यावरील इतर ठिकाणीही अळ्यांची प्रचंड मरतूक झाली. पाण्यात व्हिब्रिओ मोठ्या संख्येने सापडत होते. नेहमीपेक्षा उबदार झालेले पृष्ठभागाचे पाणी आणि खोल समुद्रातून वर आलेले पोषकद्रव्यांनी भरलेले पाणी एकत्र मिसळल्यावर त्यांची वाढ झाल्याचे अभ्यासकांनी नोंदवले. हॅचरीने जीवाणू काढून टाकणारी गाळणयंत्रणा बसवली, तरीही अळ्या मरत राहिल्या. पुढील तपासात दुसरे कारण हाती लागले. खोलातून वर येणाऱ्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असल्याने ते अधिक आम्लधर्मी होते आणि पहिल्या दोन दिवसांत कवच घडवणाऱ्या अळ्यांना त्यात कवच बांधणे कठीण जात होते. २०१२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यानंतर तेथे पाण्याच्या रसायनाची सतत मोजणी, सोडियम कार्बोनेट घालून पाण्याची दुरुस्ती आणि दिवसाच्या योग्य वेळी पाणी भरणे या गोष्टी नित्याच्या झाल्या.

हा प्रसंग मी मुद्दाम सविस्तर सांगितला, कारण व्हिब्रिओ सापडले म्हणजे कारण सापडले असे मानण्याची घाई सर्वत्र होते. कमकुवत अळ्यांवर व्हिब्रिओ जमणारच. त्यामुळे मरतुकीच्या वेळी तापमान, क्षारता (खारटपणा), सामू आणि शक्य असल्यास क्षारीयता (आम्ल निष्प्रभ करण्याची पाण्याची क्षमता) यांची नोंद जीवाणूंच्या मोजणीइतकीच महत्त्वाची आहे. ढोबळ फरक असा सांगता येतो: पाण्याच्या रसायनामुळे बिघडलेल्या तुकडीत ‘डी’ आकार नीट न आलेल्या, कवचाची कडा वेडीवाकडी असलेल्या अळ्या पुष्कळ दिसतात, वाढ कित्येक दिवस खुंटलेली असते आणि मरतूक रेंगाळत होते. व्हिब्रिओच्या रोगात कवच चांगले घडलेले असते, आतील ऊती मात्र आकसलेल्या असतात आणि सगळे काही तासांत घडते. कोकणात याच्या जोडीला पावसाळ्याचा विचार करावा लागतो. जून ते सप्टेंबरमध्ये खाडीच्या पाण्याची क्षारता झपाट्याने उतरते आणि जमिनीवरून सेंद्रिय गाळ वाहून येतो. या काळात खाडीतून थेट पाणी उचलून अळ्या वाढवण्याचा विचार करू नये.

वाट शोधणे: नमुने कोठून आणि कसे घ्यावेत

व्हिब्रिओंच्या मोजणीसाठी टीसीबीएस नावाचे, जीवाणू उगवण्याचे तयार माध्यम मिळते. ते ऑटोक्लेव्ह करायचे (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करायचे) नसते, फक्त उकळून विरघळवायचे असते. प्लेट ओतल्यावर पृष्ठभाग कोरडा होऊ द्यावा, नाहीतर वसाहती एकमेकींत पसरतात. एकूण जीवाणूंसाठी समुद्राच्या पाण्याचे झोबेल माध्यम समांतर वापरावे. नमुन्याचे निर्जंतुक समुद्रपाण्यात दहाच्या पटीत विरलन करावे, प्रत्येक विरलनातील ०.१ मिलिलिटर प्लेटवर पसरावे आणि २५ ते २८ अंशांना २४ तास ठेवून मोजणी करावी. टीसीबीएसवर साखर आंबवणारे जीवाणू पिवळ्या वसाहती करतात आणि न आंबवणारे हिरव्या. कालवांच्या अळ्यांना घातक असणारे व्हिब्रिओ कोरॅलिइलिटिकस आणि व्हिब्रिओ ट्युबिआशी पिवळे उगवतात, परंतु अनेक निरुपद्रवी व्हिब्रिओही पिवळेच उगवतात. कोळंबीच्या क्षेत्रात ‘हिरवे वाईट, पिवळे चालतील’ असे सरसकट बोलले जाते. हा समज कालवांच्या हॅचरीत आणल्यास नुकसान होईल.

एका टाकीतील एक आकडा फारसे काही सांगत नाही. पाणी हॅचरीत शिरल्यापासून अळीपर्यंत पोहोचेपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर, एकाच दिवशी नमुने घेतले तरच वाट दिसते. समुद्रातून आलेले कच्चे पाणी, वाळूच्या गाळणीनंतरचे, काडतूस गाळणीनंतरचे, अतिनील दिव्यानंतरचे, टाकीच्या तोंडाशी नळातून येणारे, शैवालाच्या प्रत्येक बरणीतील, टाकीतील पाणी आणि स्वतः अळ्या, असा क्रम ठेवावा. अळ्यांचा नमुना चाळणीवर घेऊन निर्जंतुक समुद्रपाण्याने अनेकदा धुवावा, मग चिरडून विरलन करावे. अन्यथा भोवतीच्या पाण्यातील जीवाणूच मोजले जातात. टाकीच्या भिंतीवर पाण्याच्या रेषेपाशी निर्जंतुक कापसाची काडी फिरवून घेतलेला नमुना आणि हवा सोडणाऱ्या दगडाचा नमुना हे दोन बहुतेक जण विसरतात, पण पुष्कळदा तेच सर्वाधिक बोलके असतात.

आकडा कोणत्या टप्प्यावर अचानक वाढतो, तेथे शोध थांबवावा. दिव्यानंतर कमी झालेली संख्या नळाच्या तोंडाशी पुन्हा वाढली असेल, तर दोष मधल्या पाइपमध्ये आहे. पाणी स्वच्छ आणि बरणीतील शैवालात व्हिब्रिओ असतील, तर पाण्यावर कितीही खर्च केला तरी उपयोग नाही. शैवालाच्या मूळ वाणात टीसीबीएसवर एकही वसाहत उगवता कामा नये, अशी शिस्त ठेवावी. हे नमुने सर्व सुरळीत चालू असतानाही आठवड्यातून एकदा घ्यावेत. आपल्या हॅचरीत निरोगी काळात कोणत्या टप्प्यावर किती जीवाणू असतात हे ठाऊक नसेल, तर संकटाच्या दिवशी आलेल्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

वाट बंद करणे

पाण्यापासून सुरुवात करावी. वाळूच्या गाळणीनंतर १० मायक्रॉन, ५ मायक्रॉन आणि १ मायक्रॉन अशी उतरती काडतुसे आणि त्यानंतर अतिनील दिवा, हा क्रम बदलू नये, कारण गढूळ पाण्यात कणांच्या आडोशाने जीवाणू किरणांपासून वाचतात. व्हिब्रिओची जाडी एका मायक्रॉनहून कमी असते, म्हणून १ मायक्रॉनची गाळणी त्यांना अडवेल असे समजू नये. ती दिव्याचे काम सोपे करते, एवढेच. वापरातील काडतूस स्वतःच जीवाणूंचे घर बनते. ते ठरावीक दिवसांनी काढून, क्लोरिनच्या पाण्यात बुडवून, धुऊन पूर्ण वाळवावे आणि त्या काळात दुसरा संच लावावा. पाइपचेही तसेच आहे. रात्रभर साचलेले पाणी सकाळी अळ्यांच्या टाकीत सोडू नये, आधी वाहू द्यावे. शक्य असल्यास पाण्याच्या दोन समांतर वाहिन्या ठेवून एक वापरात असताना दुसरी रिकामी व कोरडी ठेवावी. समुद्री जीवाणूंच्या चिकट थरावर कोरडेपणाइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

पाणी जितके निर्जंतुक तितके चांगले, हा समज मात्र तपासून पाहण्यासारखा आहे. पाण्यातील सगळे जीवाणू मारले की त्यांच्या विरघळलेल्या अवशेषांवर जो सर्वांत वेगाने वाढतो तो जीवाणू जागा बळकावतो, आणि व्हिब्रिओ त्यात आघाडीवर असतात. म्हणून जास्त मात्रेत क्लोरिन घालून निर्जंतुक केलेल्या पाण्यात लगेच भरपूर अळ्या आणि भरपूर खाद्य सोडणे धोक्याचे आहे. काही हॅचरी गाळलेले पाणी एक-दोन दिवस गाळणमाध्यमातून फिरवून त्यात संथ वाढणाऱ्या जीवाणूंची घडी बसू देतात आणि मगच वापरतात. माझ्या मते जागा उपलब्ध असेल तर हा मार्ग अवलंबावा.

प्रजनक कालवे बाहेरून ब्रशने घासून, स्वच्छ पाण्यात ठेवूनच प्रजननाच्या खोलीत आणावेत. मांस चिरून अंडी काढण्याऐवजी तापमानातील बदलाने त्यांना स्वतःहून अंडी सोडू दिल्यास ऊतीचे तुकडे आणि त्याबरोबरचे जीवाणू कमी येतात. अंडी ८० ते १०० मायक्रॉनच्या चाळणीतून सोडून घाण वर रोखावी, २० ते २५ मायक्रॉनच्या चाळणीवर अंडी धरून धुवावीत आणि मग मोजून शुक्राणू घालावेत. अंड्यामागे पाच-दहा शुक्राणू दिसले की पुरे. जास्तीचे शुक्राणू रात्रभर कुजतात आणि पहिल्या चोवीस तासांतच व्हिब्रिओंना मेजवानी मिळते. दुसऱ्या दिवशी पूर्ण ‘डी’ आकार आलेल्या अळ्या साधारण ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर धरून नव्या टाकीत घ्याव्यात. मागे राहिलेल्या अपूर्ण अळ्या वाचवण्याचा मोह धरू नये.

टाकीतील गर्दी सुरुवातीला मिलिलिटरमागे पाच ते दहा अळ्या आणि शेवटच्या अवस्थेत एक-दोन अळ्या यापुढे जाऊ देऊ नये. हजार लिटरच्या टाकीत मिलिलिटरमागे पाच म्हणजे पन्नास लाख अळ्या होतात. त्यातल्या काही टक्के मेल्या तरी कुजणारे मांस थोडे नसते. थंड हवामानात दर ४८ तासांनी पाणी पूर्ण बदलण्याचा प्रघात आहे. आपल्याकडच्या ३० अंशांच्या पाण्यात ते दररोज बदलण्याची तयारी ठेवावी. पाणी बदलताना तळाशी बसलेल्या व वाढीत मागे पडलेल्या अळ्या चाळणीने वेगळ्या करून टाकून द्याव्यात. रिकामी टाकी नुसती विसळून पुन्हा भरणे म्हणजे भांड्याला लागलेल्या विरजणावर नवे दूध ओतणे होय. ती साबणाने घासावी, क्लोरिनच्या पाण्याने पुसावी, धुवावी आणि कोरडी होऊ द्यावी.

खाद्यासाठी आयसोक्रायसिस, कीटोसेरॉस यांसारखी शैवाले वेगाने वाढत असण्याच्या अवस्थेतच वापरावीत. जुन्या, रंग उतरलेल्या किंवा तळाशी बसलेल्या संवर्धनातून सेंद्रिय पदार्थ पाण्यात पाझरत असतात. पुढचे खाद्य देण्यापूर्वी आधीचे संपले का, हे एका थेंबात पाहावे. पोट भरलेले आणि पाणी निवळलेले असेल तर प्रमाण बरोबर आहे.

चाळण्या, मोजपात्रे आणि हात यांमधून रोग एका टाकीतून दुसरीकडे जातो. प्रत्येक टाकीची चाळणी वेगळी ठेवावी आणि कामाचा क्रम सर्वांत लहान, निरोगी अळ्यांपासून सुरू करून संशयित टाकी शेवटी ठेवावी. हवेचे बुडबुडे फुटताना उडणारे सूक्ष्म तुषारही जीवाणू वाहून नेतात, म्हणून टाक्यांवर झाकणे असावीत. हाताला जखम असताना उबदार समुद्रपाण्यात काम करणाऱ्यांनी हातमोजे घालावेत. व्हिब्रिओंच्या काही जाती माणसालाही गंभीर संसर्ग करतात.

प्रतिजैविके आणि उपकारक जीवाणू

प्रतिजैविक टाकीत ओतून तुकडी वाचवण्याचा मार्ग जगभर वापरला गेला आहे, आणि माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांच्या वापरास भारतातील किनारी मत्स्यशेतीत बंदी आहे. पण बंदी नसलेल्या औषधांनीही प्रश्न सुटत नाही. औषध अळ्यांच्या टाकीतील जीवाणू मारते, पाइपमधील आणि शैवालातील नव्हे. वाट उघडीच राहते, पुढच्या तुकडीत जीवाणू परत येतात आणि या वेळी ते औषधाला सरावलेले असतात. हॅचरीचे सांडपाणी ज्या खाडीत जाते, तिथेच आपल्या लोकांच्या तिसऱ्या आणि कालवे वाढत असतात, याचाही विचार झाला पाहिजे.

उपकारक जीवाणूंचा मार्ग अधिक आशादायक आहे. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातील संशोधकांनी फीओबॅक्टर आणि बॅसिलस या गटांतील दोन वाण कालवांच्या अळ्यांच्या पाण्यात मिलिलिटरमागे सुमारे दहा हजार या प्रमाणात घालून पाहिले. त्यानंतर व्हिब्रिओचा सामना करावा लागलेल्या अळ्यांचे जगण्याचे प्रमाण सुधारले. यातला फीओबॅक्टर पृष्ठभागावर चिकट थर करून जागा अडवतो आणि व्हिब्रिओंना मारक द्रव्यही सोडतो. हे जीवाणू रोगाच्या आधी द्यावे लागतात. अळ्या तळाशी बसल्यावर त्यांचा उपयोग नाही. बाजारात ‘प्रोबायोटिक’ म्हणून मिळणारी कोळंबीच्या तलावांसाठीची पावडर अळ्यांच्या टाकीत टाकू नये. त्यातील वाण कोणते हे सांगितलेले नसते आणि तिच्यातील भरड पदार्थ स्वतःच कुजतो. वापरायचेच असेल, तर आधी एक-दोन लिटरच्या काचपात्रांत, जीवाणू न घातलेल्या पात्रांशी तुलना करून पाहावे.

साथ आलीच तर

जिवंत अळ्यांच्या कवचाकडेला थवा दिसला आणि तळाशी बसलेल्या अळ्यांची संख्या वाढत असल्याचे दोन तासांच्या अंतराने घेतलेल्या नमुन्यांत स्पष्ट झाले, तर टाकी वाचवण्याचा प्रयत्न करू नये. सुरुवातीच्या अवस्थेत, म्हणजे वरच्या थरातील अळ्या अजून सशक्त असताना, त्या तेवढ्या वरून काढून, धुऊन, कमी दाटीने ताज्या पाण्यात आणि वेगळ्या खोलीत ठेवता येतात. तापमान दोन-तीन अंशांनी उतरवता आले तर जीवाणूंची वाढ मंदावते, अळ्यांची वाढही मंदावते, पण थोडा वेळ हाती येतो. त्या वाचलेल्या अळ्या निरोगी तुकडीत कधीही मिसळू नयेत.

उरलेली टाकी तशीच गटारात सोडणे हा सर्वांत घातक मार्ग आहे, कारण ते पाणी भरतीबरोबर आपल्याच उपशाच्या तोंडाशी येते. आधी टाकीतच क्लोरिन घालावे. स्वच्छ पाण्यासाठी लिटरमागे २५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन पुरते, म्हणजे हजार लिटरला ५ टक्क्यांचे ५०० मिलिलिटर सोडियम हायपोक्लोराइट. मेलेल्या अळ्या आणि शैवाल असलेले पाणी क्लोरिन खाऊन टाकते, म्हणून तेथे याच्या कितीतरी पट मात्रा लागते, आणि ती पुरली की नाही हे क्लोरिनच्या चाचणीपट्टीवर पाहूनच ठरवावे. उष्णतेने हायपोक्लोराइटची ताकद उतरते, त्यामुळे कॅनवरच्या आकड्यावर विसंबू नये. रात्रभर ठेवून सकाळी पट्टीवर मुक्त क्लोरिन अजून दिसत असेल तर ते सोडियम थायोसल्फेटने निष्प्रभ करावे, पट्टी कोरी आल्यावरच पाणी बाहेर सोडावे, चाळणीवर उरलेली कवचे चुन्यासह खड्ड्यात पुरावीत आणि हवेच्या नळ्या व दगड बदलावेत. त्यानंतर ती टाकी आणि तिला जोडलेली वाहिनी किमान आठवडाभर उन्हात किंवा वाऱ्यात कोरडी ठेवावी, वर सांगितलेल्या सर्व टप्प्यांवरचे नमुने पुन्हा घ्यावेत आणि आकडे निरोगी काळातील नोंदींशी जुळल्यावरच पुढच्या प्रजननासाठी कालवे निवडायला घ्यावेत.